लाल भोपळ्याची झोप

बँकेत गेलो, दवाखान्यात गेलो, की माझी मान आधी वर जाते. छताला कुठे तो लाल गोळा लटकलेला दिसला, की आवाज आपोआप खाली येतो. परवा दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या बाईंना मी माझं दुखणं इतक्या हळू सांगितलं, की त्यांनी मला घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी गुडघा दाखवायला गेलो होतो. हा सगळा सरांचा वसा.

सर म्हणजे आमचे रसायनशास्त्राचे सर. त्यांच्या विषयात मी नापास झालो, पुन्हा बसलो आणि पुन्हा झालो. नव्वदीच्या पुढची ती वर्षं. बीडमध्ये ज्याला त्याला एजन्सी नावाचं खूळ लागलेलं. कुणी केबलची घेतली, कुणी पाण्याच्या फिल्टरची, कुणी मोपेडची. सरांनी एक दिवस खडू खाली ठेवला आणि आपोआप आग विझवणाऱ्या यंत्राची एजन्सी घेतली. मदतीला माणूस म्हणून मला बोलावलं. मला भरून आलं. एवढ्या हुशार पोरांतून मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "तुला कळलं तर कुणालाही कळेल." तेव्हापासून माझं नाव 'नापास'. ते हाक मारताना फार मायेने मारत.

वस्तू साधी होती. कलिंगडाएवढा लोखंडी गोळा, लाल रंगाचा. आत पांढरी भुकटी कोंबलेली आणि तिच्यावर वायूचा दाब. खाली तोंडाशी बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, तिच्यात लाल पाणी. छताला टांगून ठेवायचा. खाली आग लागली, धग वर गेली, की कुपीतलं पाणी फुगतं, काच फुटते आणि भुकटी खाली कोसळते. वीज नको, बटण नको, कुणी जागं असायलाही नको. गावोगावी त्याला नाव पडलं लाल भोपळा.

सरांना ते नाव आवडत नसे, पण ते स्वतःही त्याला यंत्र म्हणत नसत. भोपळ्याखाली उभं राहिलं की ते कुजबुजत बोलायचे आणि दुसऱ्या कुणाचा आवाज चढला तर ओठांवर बोट ठेवायचे. "हळू बोला. झोपलाय तो."

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, पांढरा शर्ट आणि डोळे कायम अर्धवट मिटलेले, अशी ती मूर्ती. भस्माबद्दल म्हणत, "आग शेवटी जे ठेवणार ते मी सकाळीच लावून बसतो. आता तिला माझ्याशी भांडायचं कारण उरत नाही." कुणाच्याही घरी गेले की हाताची मागची बाजू भिंतीला लावत जायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. विजेच्या बोर्डाशी जरा जास्त वेळ थांबायचे. हॉटेलात भट्टीकडे तोंड करूनच बसणार, आणि चहा पार गार झाल्यावर पिणार. मांजरसुंब्याच्या धाब्यावरचा वाढपी त्यांना बघितलं की आतल्या माणसाला ओरडून सांगायचा, "सर आलेत. कालचा चहा उरला असंल तर बग रे."

आणि झोप. सरांसारखी झोप मी कुणाची पाहिली नाही. एसटीत, जीपमध्ये, तहसीलच्या बाकावर, समोरचा माणूस बोलत असताना, कुठेही ते अलगद निघून जायचे. परत यायचे ते स्वप्न घेऊन. स्वप्न सांगताना मात्र डोळे पुरते मिटायचे. हात पुढे धरून, अंधारात जिना उतरावा तसे एकेक शब्द चाचपत सांगायचे. पाटोद्याचं एक कापडदुकान पेटलंय, पण आग निळी आहे, आणि गिऱ्हाईकं शांतपणे तीच वारावर मोजून घेतायत. एका शाळेचं छप्पर जळतंय आणि त्याचा वास ओल्या पाटीसारखा येतोय.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी ते त्याच दुकानात हजर. "काल रात्री तुमचं दुकान माझ्या स्वप्नात आलं होतं." ही आमची विक्रीची पद्धत. पाटोद्याच्या त्या कापडवाल्याने हातातली गजपट्टी खाली ठेवली. "सर, आजून उदबत्ती लावली न्हाई म्या, अन् तुमी दुकान पेटवून मोकळे?" मग आम्ही बाहेर, आणि आमच्या पायांमागे दुकानदाराने टाकलेलं पाणी.

मी म्हणायचो, "सर, जरा गोड स्वप्न सांगा की. आग लागली आणि आपल्या भोपळ्याने विझवली, असं."

"तसं पडत नाही ना."

"म्हणायला काय जातं?"

"सगळं जातं," सर म्हणायचे. "जागेपणी मी एजंट आहे, थोडं इकडचं तिकडे करतो. झोपेत तरी मला सरळ राहू दे."

त्यांना एक दुःख होतं. एकदाच त्यांनी ते मला सांगितलं, मांजरसुंब्याच्या घाटात एसटी बंद पडलेली असताना. कंपनीने दाखवायला दिलेला भोपळा रिकामा होता, नुसतं टरफल. भोपळा फुटताना सरांनी कधी पाहिलाच नव्हता. "सगळ्या जिल्ह्याला सांगत फिरतो, की वेळ आली की हा उठेल. मी त्याला उठताना बघितलेलं नाही रे, नापास." मी म्हणालो, "उठत असेल की, छापलंय ना कागदावर." सर बाहेरच्या सीताफळाच्या झाडांकडे बघत राहिले. त्यांना माझ्याकडून यापेक्षा बरं काही अपेक्षित नसावं.

त्या रिकाम्या टरफलाने मात्र एकदा नाव काढलं, म्हणजे माझ्यामुळे. पाटोद्याच्या स्टँडवर बस थांबली. सर खिडकीशी झोपलेले, शेजारच्या सीटवर भोपळा. बेवारस वस्तूला हात लावू नका, असे फलक त्या दिवसांत स्टँडवर नुकतेच लागले होते. मी भोपळ्यावरचं फडकं काढून त्याने तोंड पुसलं, ते खांद्यावर टाकलं आणि चहाला उतरलो. परत येऊन बघतो तर बस रिकामी. सगळा स्टँड पलीकडच्या भिंतीशी दाटीवाटीने उभा, आणि मधल्या मोकळ्या मैदानात ती एक बस. खिडकीत सरांचं डोकं आणि भोपळ्यावर टाकलेला त्यांचा हात.

हवालदार खांबाआडून ओरडला, "ओ पावणं, ते काय हाय?"

सरांनी डोळा किलकिला केला, ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. झोपलाय."

गर्दी आणखी मागे सरकली. मी पुढे होऊन, अहो रिकामा आहे, रिकामा आहे, म्हणत भोपळा उचलून हलवून दाखवला, तर दोघं-तिघं चक्क आडवे पडले. त्यानंतर त्या डेपोचे कंडक्टर आम्हाला लांबूनच ओळखायचे आणि भोपळ्यासकट सर्वांत मागच्या सीटवर बसवायचे.

आम्हाला खरं गिऱ्हाईक भेटलं ते सिरसाळ्याच्या अलीकडे, एका जिनिंग मिलचे मालक आप्पा. कापसातून सरकी वेगळी करायची तर जिनाचे रूळ फिरत राहणार, कापसात एखादा खडा आला तर ठिणगी उडणार, आणि आजूबाजूला गुडघाभर रुई. सर आप्पांसमोर बसले, डोळे मिटले आणि सांगून टाकलं की मिल स्वप्नात आली होती. मी आपली चप्पल शोधायला लागलो.

आप्पा चिडले नाहीत. बराच वेळ सुपारी चघळून म्हणाले, "मी व्हतो का त्यात?"

"होतात."

"आत का भाईर?"

"बाहेर. फाटकात उभे होतात. बघत होतात."

"कुनी आत व्हतं का?"

सरांनी मिटल्या डोळ्यांनी बराच वेळ चाचपलं. "ते दिसलं नाही. धूर होता."

आप्पांनी त्याच आठवड्यात सगळ्या जिनांवर भोपळे टांगून घेतले. जिनावरचे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणत, ते काम बघायला खाली उभे होते. सर बारदानाच्या ढिगावर झोपी गेलेले. चाचा वर बघून मला म्हणाले, "सर भी सोये, भोपळा भी सोया. अब मिल कौन देखेगा बे?"

ते स्वप्न आप्पांच्या आईच्या कानावर गेलं. त्यांना सगळी मिल अव्वा म्हणायची. ऐंशीच्या घरातली बारीकशी बाई, पण हंगामाचा पहिला कापूस त्यांच्या हाताने जिनात पडल्याशिवाय पट्टा फिरत नसे. अव्वांचं म्हणणं सरळ होतं. सपानात आग दिसली म्हणजे मिलला नजर लागली. कापूस यायच्या आधी दृष्ट काढायची.

हॉल झाडून लख्ख केलेला. धुपाटण्यात निखारे, त्यावर ऊद, मोहरी, मीठ, सुक्या मिरच्या. अव्वांनी एकेका जिनावरून धुपाटणं ओवाळलं. सगळं झाल्यावर त्यांची नजर वर गेली, मधल्या जिनावरच्या भोपळ्याकडे.

"त्याची बी काढा."

"त्याची कावून अव्वा?" आप्पा म्हणाले.

"लाल हाय, चकचकीत हाय, येनारा-जानारा आंदी त्यालाच बगतो. पयली नजर त्यालाच लागंल का न्हाई?"

शिडी आली. आप्पांचे गुडघे दुखत होते, चाचांना एकाएकी घरची आठवण झाली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कंपनीचा माणूस.

आता मी त्या कुपीबद्दल गावोगावी काय सांगत होतो, ते वर लिहिलंच आहे. खाली धग, वर काच, हे मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पण हातात धुपाटणं आलं की माणूस पुजारी होतो. मी चढलो. भक्तिभावाने ओवाळलं. खालून अव्वा म्हणत होत्या, आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, व्यापाऱ्याची, अडत्याची. यादी लांबत गेली. माझा हात दुखायला लागला, म्हणून मी धुपाटणं टेकवायला जागा शोधली. भोपळ्याच्या बरोबर खाली लोखंडी पट्टी होती.

आवाज काहीच झाला नाही म्हणा. भाजलेल्या हरभऱ्याचं टरफल फुटावं एवढा. मग छत खाली आलं.

त्यानंतरचं मला अजून नीट सांगता येत नाही. सगळे आवाज कुणीतरी उचलून नेले. पत्र्याच्या भोकांतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपा एकदम जाड पांढरे खांब झाल्या. मला शिडीची पुढची पायरी दिसेना, म्हणून मी होतो तिथेच बसून राहिलो, ढगात बसल्यासारखा. भुकटी सावकाश, घाई नसल्यासारखी उतरत होती. ती विरळ झाली तेव्हा खाली माणसं नव्हतीच, भस्म फासलेल्या मूर्ती होत्या. अव्वांचे हात जोडलेले. आप्पांच्या मिशा पांढऱ्या. कुणी हलत नव्हतं. धुपाटण्यातले निखारे पार गार झाले होते, म्हणजे भोपळ्याने काम चोख केलं होतं. आग तेवढी आम्ही त्याला हातात नेऊन दिली होती.

कोपऱ्यातला बारदानाचा ढीग हलला. सर उठून बसले. त्यांनी आपले पांढरे हात उलटसुलट करून पाहिले, आजूबाजूच्या मूर्तींकडे पाहिलं, आणि हलकेच विचारलं, "मी गेलो का?"

"नहीं सर," चाचा म्हणाले, "अब तो उठे."

मग त्यांची नजर वर गेली. कुपीची जागा रिकामी होती. मी वर बसलेलो.

"फुटला?"

"हो सर."

"मी इथंच होतो?"

"हो सर."

"मग मी काय करत होतो?"

चाचा अंगावरची भुकटी झटकायला लागले.

त्यानंतर कित्येक दिवस सर मला तो प्रसंग सांगायला लावत. आवाज कसा झाला, आधी काय झालं, भुकटी सरळ आली की पसरून. मी दर वेळी थोडं वाढवून सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे.

पण खरं संकट पुढे होतं. अव्वांनी निकाल दिला, की मिलवरची इडापीडा या भोपळ्याने अंगावर घेतली. त्याला आता खाली उतरवायचं नाही, तो देवाचा. फुटका, रिकामा भोपळा मधल्या जिनावर तसाच राहिला. बायकांनी खालच्या खांबाला हळदकुंकू लावलं, कुणीतरी नेम धरून वर झेंडूची माळ टाकली. आणि हंगाम सुरू झाला. गाड्यांवर गाड्या कापूस आत येऊ लागला. मधला जिन सगळ्यांत जुना, सगळ्यांत जास्त तापणारा, आणि नेमका त्याच्याच डोक्यावर टरफल.

सर आप्पांच्या मागे लागले. "आप्पा, त्याच्यात काही नाही. भरून आणू द्या."

"मला कळतंय वो सर. पन अव्वा न्हाई म्हनते. मी मिलचा मालक हाय, अव्वाचा न्हाई."

सर रोज त्या भोपळ्याखाली जाऊन उभे राहायचे. इतर भोपळ्यांखाली कुजबुजणारे सर याच्याखाली मोठ्याने बोलायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हा झोपलेला नाही. हा नुसता आहे." त्या जिनावर काम करणाऱ्या बायका तिथेच खाली बसून भाकरी खायच्या, भोपळ्याच्या आधाराने, आणि सर त्यांच्याकडे बघवत नसल्यासारखे मान फिरवायचे. ते स्वप्नातलं फाटक त्यांना आठवत असणार. कुणी आत होतं का, हे दिसलं नव्हतं.

"सर, अव्वा स्वप्नाला मानतात," मी म्हणालो. "एक स्वप्न पडलं म्हणा."

"पडू दे, मग म्हणतो."

आणि तो भला माणूस स्वप्न पडावं म्हणून झोपायला लागला. दुपारी ताक पिऊन झोपला. मिलच्या ओट्यावर झोपला, त्या भोपळ्याकडे डोकं करून झोपला. उठल्यावर मी आशेने विचारायचो, आणि ते मिटल्या डोळ्यांनी, कधी अव्वांच्या देखतसुद्धा, प्रामाणिकपणे सांगायचे. शाळेची घंटा वाजत होती पण ती चामड्याची होती. कुणीतरी मला पेरू देत होतं. एकदा म्हणाले, "तू पास झाला होतास." भोपळा काही येईना.

एके दिवशी मधल्या जिनाचा कर्रकर्र आवाज येत होता. चाचा तेल घालत होते. सरांनी जिनाच्या अंगाला हाताची मागची बाजू लावली आणि पटकन काढून घेतली. तसेच तडक आप्पांच्या घराकडे निघाले, मी मागोमाग. अव्वा ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या.

"अव्वा," सर म्हणाले, "मला स्वप्न पडलं. भोपळा आला होता."

अव्वांनी वात खाली ठेवली. "काय म्हनला?"

सरांचे कान लाल झाले होते. वर्गात मी उत्तर न येता उभा असायचो, तेव्हा माझे होत तसे. "भूक लागलीय म्हणाला."

अव्वा त्यांच्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. मग आत हाक मारली. "आप्पा, लेकरा, आजच्या आज ते उतरवा अन् भरून आना. देवाला उपाशी ठिवलंय आपून."

मी औरंगाबादला जाऊन तो भरून आणला. येताना मांडीवर घेऊन बसलो, चहालासुद्धा उतरलो नाही. सर मात्र त्या दिवसापासून बिघडले. एसटीत टक्क जागे. "मला आता पडत नाहीत रे," म्हणाले. मी म्हणालो, पडतील, जागा बदलली की पडतात. ही आणखी एक माझी माहिती.

निरोप आला तेव्हा आम्ही पाटोद्यात त्याच कापडवाल्याकडे होतो. समोरच्या एसटीडीवाल्याने धावत येऊन सांगितलं, सिरसाळ्याची मिल पेटली. कापडवाल्याने सरांकडे पाहिलं आणि या खेपेला पाणी टाकलं नाही. मांजरसुंब्याला गाडी बदलली, पुढे आणखी एक बदलली. सगळ्या वाटेत सर हाताची मागची बाजू खिडकीच्या काचेला लावून बसले होते.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. फाटकात आप्पा उभे होते. सर जागच्या जागी थांबले. तेवढ्यात आप्पांच्या मागून चाचा आले, जिनावरच्या बायका आल्या, सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, खोकत, हसत. अंगणात धुमसणारी रुई ओढून पसरली होती आणि तिच्यावर घागरी ओतणं चाललं होतं.

"मधल्या जिनातून भडका आला," चाचा म्हणाले. "बायका वहींच रोटी खा रहे थे. भागने का सोचे तब तक वो गिर चुका था ऊपर से."

"आवाज कसा झाला?" सरांनी विचारलं.

चाचांनी आठवून पाहिलं. "आवाज कौन सुना सर."

भोपळा आयुष्यात दोनदा फुटला. एकदा सर झोपले होते, एकदा पाटोद्यात होते.

अव्वा बाजेवर बसल्या होत्या, त्यांच्याही केसांत भुकटी. म्हणाल्या, "सर, तुमचं सपान कामाला आलं."

मी सरांची बाही ओढली. उपयोग नव्हता. "अव्वा, ते स्वप्न मला पडलं नव्हतं. मी खोटं बोललो."

"मला ठावं हाय की."

सर बघतच राहिले. "कसं?"

"सपान सांगताना तुमचं डोळं मिटत्यात. त्या दिशी टक्क उघडं व्हतं."

"मग भरायला का पाठवलंत?"

"उघडं व्हतं म्हनूनच की वो. तुमच्यासारखा मानूस उगं खोटं बोलंल का?" अव्वा म्हणाल्या, आणि पदराने त्यांनी सरांच्या कपाळावरची वाटेतली धूळ पुसली. भस्माचे पट्टे तेवढे राहू दिले.

परतीच्या गाडीत कंडक्टरने सवयीने आम्हाला मागे बसवलं. गाव सुटलं नाही तोच सरांची मान माझ्या खांद्यावर आली. बाहेर कापसाची रानं अंधुक पांढरी होत मागे जात होती. सरांचा एक हात अलगद पुढे झाला, बोटं जिना चाचपायला लागली.

कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवत आला. मी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," म्हटलं. "झोपलेत."